शाळा सुटल्यानंतरचे नाते

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की मंडप उभारला जातो, स्मरणिका निघते आणि नावलौकिक मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मिशनच्या जुन्या शाळांमध्ये हे मेळावे विशेष जिव्हाळ्याचे असतात. सकाळची प्रार्थना, वसतिगृहातील पंगत, नाताळची गाणी या आठवणींनी निरनिराळ्या धर्मांची माणसे दिवसभर एका घरची होतात. हे चांगलेच आहे. मात्र निमंत्रितांच्या यादीत एक वर्ग सहसा नसतो : ज्यांना शाळा मध्येच सोडावी लागली त्यांचा. ते माजी विद्यार्थी नव्हेत काय?

या प्रश्नाच्या संदर्भात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा इतिहास आठवण्याजोगा आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. ते रूढ अर्थाने मिशनचे विद्यालय नव्हते. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन खर्च चालवीत असे आणि धर्माच्या बाबतीत संस्थेने तटस्थ राहावे, असे ठरले होते. हिंदू मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती.

तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बहिणीला तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी सदनात आणून सोडले. विशी उलटल्यावर ती वर्गात बसली. घरी जिचे दर्शनही अशुभ मानले जाई, तिला येथे पंगतीत जागा होती आणि हाती पाटी होती. एकत्र राहण्याचे मोल अशा स्त्रीला जितके कळले असेल तितके ते क्वचितच कोणाला कळेल.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. यावरून १८९३ साली वाद पेटला. ‘केसरी’ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. परंतु भांडण धर्माचे झाले आणि शिक्षण सुटले ते मुलींचे. तुम्हाला काय हवे, असे त्यांना कितीजणांनी विचारले असेल? एकदा सुटलेली पाटी त्या काळातील विधवेच्या हाती पुन्हा येणे किती अवघड होते, हे सांगावयास नको.

गोदूबाईंची वाट निराळी झाली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. रमाबाईंकडे मुली पाठविण्यास जे कचरत होते, त्यांनाही ही जागा आपली वाटू शकली. आनंदीबाईंनी आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. त्यांच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले तेथे शिकून कार्यकर्त्या झाल्या. आनंदीबाई हिंदूच राहिल्या. मुक्ती सदन उभारल्यावर रमाबाईंचे कार्य केडगावी उघडपणे ख्रिस्ती झाले. तरीही शाळेने दिलेले पुढे कोणाला तरी देणे, हे माजी विद्यार्थिनीचे काम आनंदीबाईंनी केले. देणगीच्या पावतीत ते मावणारे नाही.

पण आनंदीबाईंचे नाव राहिले. १८९३ मध्ये परत नेलेल्या मुलींपैकी बहुतेकींची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत. त्याही शारदासदनाच्याच विद्यार्थिनी होत्या. कदाचित त्यांतील एखादीने चुलीपुढे बसून भाचीला अक्षरे गिरविण्यास शिकविले असेल.

आजही गरिबी, लग्न, स्थलांतर, आजारपण अशा कारणांनी मुले-मुली शाळा सोडतात. प्रत्येक शाळेच्या नोंदवहीत ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. मेळाव्याची निमंत्रणे लिहिणाऱ्यांनी गुणवंतांच्या यादीआधी ही नोंदवही उघडावी. पत्ते जुने असतील, लग्नानंतर आडनावे बदललेली असतील. पण वस्तीत विचारले तर निम्म्याजणांचा तरी ठावठिकाणा लागेल.