गाडी मागच्या सीटवर बसून घ्यावी

आम्हाला गाड्यांचे वेड आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. लहानपणी चाळीच्या खालून गाडी गेली की खिडकीत न जाता, नुसत्या आवाजावरून आम्ही पद्मिनी की ॲम्बेसेडर हे सांगत असू. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा ती आपल्या दारात कधी उभी राहील, असे स्वप्न पडण्याचीही आमच्या घरची ऐपत नव्हती. पुढे नोकरी लागल्यावर तीच सेकंडहँड घेतली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे ते इंजिन! रविवारी विहारातून आलो की बॉनेट उघडून कार्बोरेटर साफ करीत बसायचे, हा आमचा विरंगुळा. त्याच गाडीत पत्नी पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसत असे. तेव्हा त्यात आम्हाला काहीच वावगे वाटले नाही. आज आठवले की अंगावर काटा येतो. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी धडकली तर कोणत्याही आईच्या हातांत मूल धरून ठेवण्याची ताकद नसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला आणि आमच्या ओळखीतील अनेक नोकरदार बांधव शोरूमच्या वाऱ्या करू लागले. आम्हीही गेलो. आमच्या डोक्यात टर्बो इंजिन आणि पिकअप होता. सेल्समनने सर्वप्रथम सनरूफ उघडून दाखवले, मुलगी खूष झाली. पत्नीने मात्र एकच विचारले, "आईंना चढता येईल का हो यात?" आईचे गुडघे गेलेले. त्या उंच गाडीत बसताना तिला स्वतःचा पाय हाताने उचलून आत ठेवावा लागला. ती काही बोलली नाही, पण आम्ही पाहिले.

मग आम्ही स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलो. इतकी वर्षे गाड्यांवर बोलतो आहोत, पण विकत घ्यायच्या गाडीत मागे बसून पाहण्याची ही आमची पहिलीच वेळ! मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे की नुसता कमरेचा? त्याच्या मानेमागे आधार आहे का? लहान मुलाची सीट अडकवायच्या कड्या कुठे आहेत? एअरबॅग किती, आणि आपण घेतो त्या मॉडेलमध्ये किती? सेल्समन गोंधळला. असे प्रश्न त्याला कोणी विचारीत नसावे.

आपल्या समाजात पहिली गाडी ही नुसती गाडी नसते. ज्याच्या आजोबांना गावातून चप्पल घालून जाता येत नव्हते, तो नातू मागच्या काचेवर 'जय भीम' लिहून त्याच गावात गाडी नेतो, तेव्हा त्याला मोठी, उंच, चारचौघांत उठून दिसणारी गाडी हवी असते. यात चूक काय? आम्हालाही तशीच हवी होती. पण या ठिकाणी चाळीसगावची आठवण देणे आम्हाला भाग आहे.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने चालत यावे, हे तेथील महार बांधवांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकलेला नव्हता असा आपलाच माणूस पुढे बसला. नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला आदळले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला. मान राखण्याच्या नादात आपला जीवच धोक्यात घातला गेला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी त्या माणसांना दोष दिला नाही. दोष टांगेवाल्याच्या मनातल्या जातीचा होता. पण पाय मोडला तो बाबासाहेबांचा.

आज टांगेवाला आडवा येत नाही, तरी हिशेब तोच चुकतो आहे. आमचे एक स्नेही अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिमवर भरपूर पैसे घालून बसले, आणि एअरबॅग वाढणारे वरचे मॉडेल मात्र महाग म्हणून सोडले. दुसऱ्याने सीटच्या बाजूतून एअरबॅग उघडते तिथेच जाड कव्हर शिवून घेतले. पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची हौस तर विचारूच नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे, कारण धडक गाडीच्या पुढच्या भागाने झेलायची असते. बेल्टचा आवाज बंद करायच्या खोट्या क्लिपाही लोक विकत घेत होते, त्या ऑनलाइन विक्रीतून काढण्याचे आदेश २०२३ साली द्यावे लागले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. गाडी परदेशी, महागडी. ते मागे बसले होते, बेल्ट नव्हता.

कंपन्यांनाही हे विचारल्याशिवाय सुचत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय लहान गाड्या आदळून पाहिल्या, पाचही शून्य तारे! २०१८ साली टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. आता तारे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही.

कोणी म्हणेल, समाजाचा मोठा भाग अजून एसटीच्या फाट्यावर उभा आहे आणि तुम्ही एअरबॅग मोजता? प्रश्न रास्त आहे. आम्ही बोलतो आहोत ते कर्ज काढून गाडी घेणाऱ्यांशी. आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर व्याजच दोन लाख ऐंशी हजारांवर जाते. पाच वर्षांत फेडले तर दोन लाखांच्या आत राहते. मधल्या ऐंशी-पंच्याऐंशी हजारांत मुलीच्या क्लासची फी निघते. हप्ता लहान दिसतो म्हणून गाडी एक नंबर मोठी घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले.

आम्ही शेवटी बुटकी गाडी घेतली. सहा एअरबॅग, साधे इंजिन, गिअर मात्र हाताने टाकायचे, तेवढा हट्ट आम्ही सोडला नाही. सीएनजी घेतली नाही, कारण सिलिंडर डिकीत बसला की नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना पाच माणसांच्या वळकट्या ठेवायच्या कुठे? आईला बेल्ट अजून स्वतः लावता येत नाही, नात लावून देते. तो टक् असा आवाज आल्याशिवाय आम्ही पहिला गिअर टाकत नाही. सनरूफ नाही म्हणून नात अजून रुसलेली आहे.