किल्ली रुग्णाच्या हाती हवी

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या असतील. ट्रॅक्टरवर भांडी, धान्य, लेकरं, कोयते सगळं चढतं. दवाखान्याचे कागद मात्र बहुधा मागे राहतात. फडावर दुखणं उभं राहिलं की नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारतो, तपासण्या पुन्हा होतात आणि मुकादमाच्या उचलीत भर पडते.

कागद नसण्याची किंमत बायकांनी सर्वाधिक मोजली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ती शस्त्रक्रिया गरजेची होती का, हे विचारायला बाईपाशी तिचीच नोंद हवी.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आभा हा १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांक दिला. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते. ही रचना योग्य आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे संगणक ठप्प झाले आणि कारभार कागदावर आला. एकाच ठिकाणचं कुलूप पुरत नाही, हे तेव्हा कळलं.

ब्लॉकचेन असा हल्ला थांबवत नाही, पण नोंदीत कोणी फेरफार केला का, हे ताडून पाहायला उपयोगी पडते. लक्ष्मीपूजनाला जालन्याच्या पेढ्यांवर पुजली जाणारी वही एकाच मालकाकडे असते; ब्लॉकचेनची वही एकाच वेळी अनेकांकडे असते. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असल्यामुळे मागची खाडाखोड लपत नाही. रिपोर्ट या वहीत ठेवायचा नसतो, कारण तिथलं पुसता येत नाही. तिथे फक्त त्याची खूण, आणि तो कोणी, कधी पाहिला याची नोंद ठेवायची. एस्टोनियाने आरोग्यनोंदींच्या रक्षणासाठी असं तंत्र वापरलं. आपली माहिती कोणी उघडली, हे तिथला रुग्ण स्वतः पाहू शकतो. आपल्याकडे गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. मग दवाखान्याच्या नोंदी का नकोत?

मात्र पहिलीच नोंद खोटी असेल, तर हे तंत्र तो खोटेपणाही इमानाने जपेल. आणि बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात, ओटीपी सांगणारा तिसराच कोणी असेल, तर त्याला संमती म्हणता येणार नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पुढाकार घ्यावा. टोळ्या निघण्याआधी गावोगाव आशाताईंच्या मदतीने प्रत्येक बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी, तिला वाचून दाखवावी आणि दिलेली परवानगी काढून कशी घ्यायची, हेही शिकवावं. फोन नसेल तिला छापील प्रत द्यावी.

ही दिवाळी तुम्हाला, आणि फडावर ती साजरी करणाऱ्या प्रत्येक घराला, निरोगी जावो.