लेकरू वाचतंय, ऐकायला बसा

दुसरीतला एक मुलगा बाराखडी खणखणीत म्हणायचा. कुठं अडखळणं नाही, कुणाच्या मागं राहणं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा मी फळ्यावर नुसता ‘कु’ काढला आणि त्याला वाचायला सांगितलं. तो थांबला. मग तोंडातल्या तोंडात सुरू झाला, ‘क, का, कि, की, कु’ आणि पाचव्या घराला पोचल्यावर मोठ्यानं म्हणाला, ‘कु!’ उत्तर बरोबर होतं. पण त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. हा मुलगा वाचत नव्हता, मोजत होता. आणि ‘बाराखडी येते’ असा शेरा त्याच्या नावापुढं मीच मारला होता.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी सव्वीस वर्षं शिकवते आहे, त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीला. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव निम्मं रिकामं होतं. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी राहतात. हा मुलगा आजीपाशी राहिलेला.

‘मराठी काय, जसं बोलतो तसं लिहितो, त्यात वाचायला अवघड काय?’ असं आपण मोठी माणसं सहज म्हणून जातो. सहा वर्षांच्या लेकराच्या जागी बसून बघा. तिसाच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपं, म्हणजे चारशेच्या आसपास आकार. जोडाक्षरं वेगळीच. ‘दिवा’ या शब्दात वेलांटी द च्या आधी दिसते आणि उच्चारात मात्र मागून येते. घ आणि ध यांच्यातला फरक एवढासा. ‘चार’ मधला च वेगळा, ‘चारा’ मधला वेगळा, अक्षर तेच. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘वाऱ्यावर’ या चारही शब्दांत र आहे, पण चार ठिकाणी चार रूपांत. एवढा डोंगर सामुदायिक म्हणण्यानं चढता येत नाही. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो तेव्हा ज्याला येत नाही त्याचे ओठ शेजाऱ्याच्या मागं अर्धा क्षण उशिरा हलतात. शिक्षकाला ते दिसत नाही आणि आवाज भरलेला असल्यानं ऐकूही येत नाही.

शिकवण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, हे मी आनंदानं सांगेन. मोजकी अक्षरं आणि एखाद-दुसरं स्वरचिन्ह एकदम घ्यायचं आणि त्यांतून लगेच शब्द करायचे, ही अक्षरगटाची रीत आता पुष्कळ शाळांत आली आहे. मराठी मुलांनी मराठी कसं वाचायला शिकावं, या एका प्रश्नावर फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं आणि पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’नं वर्षानुवर्षं काम केलं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला तर राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. मी स्वतः आता भ, क, र आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. पाटीवर ‘भाकर’ लिहिलं की पहिलीतली पोरगी ‘भा... क... र’ असं तीनदा चाचपडते आणि चौथ्यांदा डोळे मोठे करून म्हणते, ‘मॅडम, भाकर!’ अक्षरांतून तिच्या घरातली वस्तू बाहेर येते. वाचन तिथं सुरू होतं.

पण पद्धत ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी मला त्या मुलाच्या आजीकडून कळली.

‘कु’च्या प्रसंगानंतर मी रोज पाच मिनिटं त्याला एकट्याला घेऊन बसत होते आणि मोठ्या अक्षरांची पातळ चित्रपुस्तकं घरी देत होते. मार्चात तो दोन दिवस शाळेत आला नाही म्हणून संध्याकाळी घरी गेले. ताप उतरलेला होता. आजी ओट्यावर डाळ निवडत होती आणि हा शेजारी बसून तिला पुस्तक वाचून दाखवत होता. शेळी तहानेली होते आणि विहिरीवर जाते, असं काहीसं त्यात होतं. त्यानं ‘विहिरीत गेली’ असं वाचलं. माझ्या ओठांवर ‘अरे, नीट बघ’ आलंच होतं, तेवढ्यात आजीचे हात थांबले. ‘इहिरीत? मंग बुडली की रं ती!’ पोरानं पुन्हा पानाकडं पाहिलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘नाही गं आजे, इहिरीवर.’ आजी म्हणाली, ‘हां. मंग पुढं?’

आजीला एक अक्षर येत नाही. तिला गोष्ट हवी होती. म्हणून ती प्रत्येक अक्षरावर झडप घालत नव्हती, जिथं अर्थ मोडला तिथंच तिनं अडवलं. आणि चूक तिनं सांगितली नाही, पोरानं स्वतः शोधली. मी इतकी वर्षं नेमकं उलट करत आले होते. ‘पाणी’ ला लेकरू ‘पानी’ म्हणालं की मी वाक्याच्या मध्येच थांबवायची. ते वाचताना चुकलेलं नसतं, ते त्याच्या घरची बोली बोलत असतं. त्याला पाणी कळलेलं असतं. आता मी तिथं थांबवत नाही. ‘विहिरीवर’चं ‘विहिरीत’ झालं तर थांबते, तेही वाक्य संपू देऊन.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: लेकराला वाचायला यावं असं वाटत असेल तर कुणीतरी रोज त्याच्याजवळ बसून त्याचं वाचन ऐकलं पाहिजे. एकट्याचं, त्याच्या गतीनं, अर्थाकडं कान ठेवून.

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून हेच करतो आहे. कार्यकर्ता गावात घरी जातो, मुलासमोर बसतो, हातात कागद देतो. त्यावर अक्षरं, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते. मूल वाचतं, तो ऐकतो. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती. वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय वर्गातल्या शिक्षकांना द्यायला हवं. तरीही चारांतली तीन मुलं अजून त्या गोष्टीपर्यंत पोचलेली नाहीत.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानं २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे, असं ठरवलं. तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान साठ शब्द, आणि तेही अर्थासह. यातले साठ शब्द मोजायला सोपे म्हणून घड्याळ लावून तेवढेच मोजले जातात. ‘अर्थासह’ मागं पडलं तर ‘कु’ मोजणाऱ्या पोराला आपण फक्त वेगानं मोजायला शिकवू.

वेळ कुठून आणायचा? माझ्या दोन्ही वर्गांत मिळून बावीस मुलं आहेत. पाच मिनिटांप्रमाणं रोज अकरा मुलांचं ऐकलं तर पाऊण-एक तास लागतो आणि प्रत्येकाची पाळी एक दिवसाआड येते. हे जमतं, पण तो तास कुणी हिरावला नाही तरच. साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला शिक्षण हक्क कायद्यानं दोन शिक्षक मिळतात. त्यातला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. उरलेला वेळ माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात जातो. शिक्षण खात्याला माझी हात जोडून विनंती आहे: पहिली-दुसरीचा सकाळचा पहिला तास राखून ठेवा. त्या तासात ना बैठक, ना फोन, ना अहवाल. आणि पहिलीचा वर्ग शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाला द्या.

शाळांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. पुस्तकांची पेटी कुलपात ठेवू नका. पुस्तक फाटलं म्हणजे ते वाचलं गेलं, त्याचा जाब कुणी विचारू नये. चौथीची मुलं पहिलीच्यांचं वाचन फार आनंदानं ऐकतात. ‘कु’ मोजणारा तो मुलगा यंदा चौथीत आहे आणि मधल्या सुट्टीआधी दोन लहानग्यांना घेऊन बसतो. फडावर निघालेल्या लेकरांच्या सामानात मी दोन पुस्तकं घालते. कोपीवर संध्याकाळी चूल पेटली की त्यांतली काही फोन लावतात आणि मला वाचून दाखवतात. पलीकडून कुत्र्यांचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत असतो. वाचन चालू असतं.

आणि पालकांनो, तुम्हाला काय करायचं आहे ते त्या आजीनं दाखवून दिलंच आहे. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल, इंग्रजी शाळेचा अभ्यास कळत नसला तरी चालेल. आज रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा, फोन बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं लेकराजवळ बसा. ते चुकेल, थांबेल, मागं जाईल. घाई करू नका. ते वाक्य संपवेपर्यंत थांबा आणि एवढंच विचारा, ‘मग पुढं?’