म्हातारपणी मेडिक्लेम तुटू देऊ नका

‘कारखान्याचे बिल जमा झाले की भरू,’ म्हणून मागे राहिलेला मेडिक्लेमचा हप्ता उतारवयात फार महाग पडतो. जळोचीच्या माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे, रक्तदाबाचे वृद्ध रुग्ण रोज येतात. ‘‘डॉक्टर, इतकी वर्षे भरतोय, एकदाही उपयोग झाला नाही. आता बंद करतो,’’ असे काही जण सांगतात. साठीनंतर हप्ता वाढत जातो, त्यामुळे त्यांचा राग खोटा नाही. पण रागाच्या भरात पॉलिसी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या पॉलिसीची खरी किंमत तिच्या सलग वर्षांत असते. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. उलट, सलग ५ वर्षे चाललेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘आजार सांगितला नव्हता’ म्हणून दावा नाकारता येत नाही. पॉलिसी तुटली की ही सारी कमाई जाते.

वार्षिक हप्ता चुकल्यास ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरल्यास जुनी वर्षे वाचतात. मात्र मधल्या दिवसांतील आजारपणाचा खर्च मिळत नाही.

वय झाले किंवा मागे दावा केला, एवढ्यावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. पण हप्ताच परवडेनासा झाला, तर या नियमाचा म्हाताऱ्या माणसाला काय उपयोग? जानेवारी २०२५ पासून ६० वर्षांवरील ग्राहकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीने आधी विमा नियामक प्राधिकरणाशी चर्चा करायची आहे. माझ्या मते एवढे पुरेसे नाही; पक्की मर्यादाच हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा आहे.

तरीही झेपत नसेल, तर विम्याची रक्कम कमी करता येईल का, ते विचारा. दुसऱ्या कंपनीकडे जायचे असल्यास किमान दीड महिना आधी अर्ज करा. तिचा होकार हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

सत्तरी गाठलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढावे. खासगी विमा असला तरी ते मिळते. कुटुंबातील सत्तरीवरील ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार होतात. पण ते योजनेतील रुग्णालयांतच चालते. जवळचे रुग्णालय कोणते, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा.

आणि मुलांनो, वडिलांच्या हप्त्याची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.