कंपवात : हाताच्या थरथरीपलीकडे

बालरोगतज्ज्ञाने कंपवातावर, त्यातही त्याच्या उत्तरावस्थेतील मानसिक लक्षणांवर लिहावे, याचे व्यवसायबंधूंना नवल वाटेल. हा माझा विषय नव्हे, हे मान्य आहे. परंतु कुक्षीहून न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा तर इंदूर, आणि रात्री दोन वाजता दार वाजते ते आपल्यापैकीच कोणाचे तरी. म्हणून हा लेखनप्रपंच.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले, तेव्हा रुग्णाची संवेदना व बुद्धी अबाधित राहते असे नमूद केले होते. ती समजूत आपल्या मनात खोल रुजली. आज आपण जाणतो की नैराश्य व चिंता ही लक्षणे कित्येकदा थरथरीच्या आधीच येतात, आणि आजार लांबला की सुमारे निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा भास होतात किंवा खोटे संशय घेरतात. तरीही तपासताना आपण हात पाहतो, चाल पाहतो आणि मन पाहावयाचे राहून जाते.

माझेच उदाहरण देतो. माझ्या वडिलांना, दादांना, अकरा वर्षे कंपवात होता. एके दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबा ओट्यावरच्या मुलांना बिस्किटे देतात, पण तिथे कोणीच नसते." आम्ही हसलो. मुलाचे म्हणणे ऐका, असे आयांना रोज बजावणारा मी, स्वतःच्या मुलीचे ऐकले नाही. काही महिन्यांनी दादा आईवर नाही नाही ते आरोप करू लागले. एका रात्री ते काठी घेऊन उठले, आणि मी त्यांना हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले. ते शांत झाले. सकाळी लाकडासारखे ताठ होते. पुढे आठ दिवस घास गिळवेना.

मेटोक्लोप्रमाइडने मान वाकडी झालेली मुले मी पाहत आलो आहे. डोपामिनचा मार्ग अडवला की काय होते, हे मला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? ठाऊक असलेले वडिलांच्या उशाशी आठवले नाही, इतकेच. पुढे कारणे निघाली ती साधी : मूत्रमार्गाचा संसर्ग, चार दिवसांचा मलावरोध आणि वर्षानुवर्षे चालू राहिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी.

यातून शिकलो ते असे. रुग्ण एकाएकी भ्रमिष्ट झाला तर प्रथम संसर्ग, निर्जलीकरण, मलावरोध व नवी औषधे शोधावीत. औषधे कमी करावयाची तर ट्रायहेक्सीफेनिडिलपासून आरंभ करावा, मग अमँटॅडिन, सेलेजिलिन, प्रॅमिपेक्सोल असे क्रमाने जावे. लेव्होडोपाला हात शेवटी लावावा, आणि ते एकदम कधीही तोडू नये. एवढ्याने भागले नाही तर अल्प मात्रेत क्वेटियापिन, अथवा रक्तातील पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवून क्लोझापिन, तेही तज्ज्ञांच्या सल्ल्याने. हॅलोपेरिडॉल मात्र नको. आणि प्रॅमिपेक्सोल घेणारे आजोबा अचानक सट्टा लावू लागले, तर तो स्वभावदोष समजण्यापूर्वी गोळी आठवावी.

परंतु याहून महत्त्वाचे आहे ते विचारणे. "नसलेली माणसे, जनावरे दिसतात का? कोणाचा संशय येतो का? मन लागते का?" हे प्रश्न विचारल्याने नसलेली कल्पना रुग्णाच्या डोक्यात शिरेल, असे काही स्नेही म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. आपल्याला वेड लागत आहे या भीतीने रुग्ण गप्प असतो. लोक ‘बाहर की हवा’ म्हणतील या लाजेने घरचे गप्प असतात. माझ्या आईने सहा महिने कोणाला काही सांगितले नाही. ज्याच्यासोबत पन्नास वर्षे संसार केला, त्यानेच चारित्र्यावर संशय घ्यावा, ही गोष्ट ती मुलाजवळ तरी कशी बोलणार? हा आजाराचा भाग आहे, एवढे एक वाक्य तिला वेळीच ऐकवावयास हवे होते. ते ऐकवणे डॉक्टर असलेल्या मुलाचेच काम होते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि त्यांचे आप्त एकत्र बसून मन मोकळे करतात. आपल्या संघटनेने महिन्यातून एक दुपार अशा कुटुंबांसाठी ठेवली तर खर्च चहापुरताच येईल. मनोविकारतज्ज्ञ दूर असला तरी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक हाताशी आहे. तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येतो.

दादा त्यानंतर दोन वर्षे जगले. ओट्यावरची मुले अधूनमधून येतच राहिली. पण दादा आम्हाला ते सांगत, आणि आम्ही ऐकत असू. त्या मुलांची भीती घरात कोणालाच उरली नव्हती. आपल्या रुग्णांच्या घरीही असे व्हावे, एवढ्यासाठी पुढच्या भेटीत हा एक प्रश्न आपण अवश्य विचारावा, ही विनंती.