आमचा पैलवान आणि येणारा हंगाम

"यंदा नाही तर पुढल्या साली, गदा आपल्याच कॉलेजात!" परवा जिमखान्याच्या पायरीवर एकाने जाहीर केले आणि भोवतालच्या दहाजणांनी माना डोलावल्या. ज्याच्याविषयी हे चालले होते, तो आमच्या वर्गातला पैलवान मात्र शेजारी बसून माझ्या वहीतून इतिहासाच्या नोट्स उतरवत होता. मला आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली.

आम्हा मुळशीकरांना गदेचे वेड असावे यात नवल नाही. मामासाहेब मोहोळ आमच्या मुठ्याचे. महाराष्ट्र केसरीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. २०१७ ची स्पर्धा आमच्या भूगावात भरली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला मुठ्याच्याच पृथ्वीराज मोहोळ यांनी ती गदा जिंकली. पण शेजारच्या गावात गदा आली म्हणून आपल्या घरात पाट मांडून ठेवायचा का?

आमच्या पैलवानापुढची पहिली कसोटी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची, आणि ती गादीवर होते. हा वाढला लाल मातीत. समोरच्याला दमवायचे, मग ढाक लावून चीतपट करायचे, ही त्याची रीत. गादीवर मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. पट काढून खाली घेतले की दोन गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती खलास. गेल्या साली हा दमवीत बसला आणि समोरच्याने दोन पट काढून कुस्ती मारली. ताकदीत हा कमी नव्हता. म्हणून माझे स्पष्ट मत असे : तीन महिने गादी आणि तोलाची जोड मिळाली, तर हा आपल्या वजनात अंतिम फेरी गाठेल, न मिळाली, तर गेल्या सालचीच गत.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. आमच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकावे असे मी मुळीच म्हणत नाही! सरावाच्या दिवसांची हजेरी माफ व्हावी, खुराकाला थोडा हातभार लागावा, एवढेच मागणे आहे.

कारण प्रश्न एका ढालीचा नाही. आमच्या भागात जमिनींना भाव आल्यापासून पिळदार अंगाला गिऱ्हाईक फार. तालीम सुटलेली आणि पदवी हुकलेली पोरे कोणाच्या गाडीत मागे बसतात, हे आपण सारे जाणतो. याने तिथे बसू नये, असे मला मनापासून वाटते.

त्या दिवशी सारे पांगल्यावर त्याने वही परत केली आणि म्हणाला, "गदेचं राहू दे रे. उद्याच्या तासाच्या नोट्स तेवढ्या काढून ठेव. मी तालमीत असेन."

मी काढून ठेवल्या आहेत. आता बाकीच्यांनी आपापले पाहावे.