पर्समधल्या गोळ्या : सहा की दहा?

दिल्लीतल्या २०१२ च्या त्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. अमेरिकेत २०१८ मध्ये आलेल्या ‘सिग पी-३६५’ या साधारण तेवढ्याच वजनाच्या पिस्तुलात दहा गोळ्या बसतात.

मग दहाच बऱ्या? आणखी गोळ्या हव्यात तर मूठ लांबते, वजन वाढतं. आणि जड वस्तू शेवटी कपाटातच राहते. झटापटीत पर्स उघडायलाच सवड मिळाली नाही, तर सहा काय नि दहा काय!

शिवाय आपल्याकडे परवाना हवाच. तो आणि एवढा खर्च किती जणींना जमणार? गल्लीतले बंद दिवे मात्र नगरपालिकेकडून लावून घेता येतात. सुरुवात तिथून करू या.